दुसरी पाळी

पेन्शनीत निघालेल्या माणसाला जो तो एकच प्रश्न विचारतो, "मग, आता वेळ कसा घालवता?" जणू वेळ म्हणजे ओटीवर येऊन बसलेला आगंतुक, नि त्याला कसंही करून वाटेला लावायचा आहे! मुंबईतली कारकुनी संपवून मी आचऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वीसेक जणांनी मला हे विचारलं असेल. काहींनी उत्तरंही सुचवली. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-देवबागेत घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन छान चाललेली कुटुंबं मी पाहतो. पण पाहुण्याने सोलकढी अर्धी टाकली तर मला रात्रभर झोप यायची नाही. तो उद्योग माझ्या प्रकृतीचा नव्हे.

पेन्शनरांनी कित्ता गिरवावा तो गोविंद सखाराम सरदेसायांचा. आमच्या कोकणातलेच ते. बडोद्याच्या संस्थानी चाकरीतून १९२५ साली, साठीला, निवृत्त झाले. पुढे पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बसले, नि १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. मराठ्यांचा इंग्रजी इतिहास पुरा झाला १९४८ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी! मात्र त्यांची पहिली रियासत १८९८ सालची, भर नोकरीतली. काम आधीपासूनच हाताशी होतं. आड येणारी नोकरी तेवढी दूर झाली.

सगळ्यांनाच दुसरं काम असं सवडीने भेटत नाही. आमच्या वाडीतले तात्या १९८२ साली ऐन तिशीत होते, मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर. १८ जानेवारीला संप सुरू झाला. तो मिटला असं कुणी रीतसर सांगितलंच नाही. गिरणगावातून कोकणात परतलेल्या कित्येकांतले तात्या एक. शाल नाही, नारळ नाही, पेन्शन तर नाहीच. "थंयची पाळी सुटली, हंय दुसरी लागली," एवढंच ते म्हणतात.

ही दुसरी पाळी म्हणजे आंब्याची कलमं बांधणं. जूनमध्ये कोयी रुजत घालायच्या. पंधरा दिवसांत तांबूस पानांचे लुसलुशीत कोंब वर येतात. ते दोन-तीन बोटं ठेवून छाटायचे, मधोमध चीर द्यायची, नि हापूसच्या जुन्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी. ऐकायला सोपं वाटतं. पण सालीला साल भिडली पाहिजे, नाहीतर काडी वाळते. तात्यांची बोटं हे न बघता करतात. साच्यावर तुटलेला धागा सांधणारी बोटं ती!

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे शिकायला बसू लागलो. पडवीत बाहेर पागोळ्या, आत ओल्या मातीच्या पिशव्यांच्या रांगा. "पट्टी घट्ट व्हयी, पण गळो आवळूक नको," हा त्यांचा पहिला पाठ. पस्तीस वर्षं मी फायलींच्या नाड्या बांधल्या, पण गाठीखाली काही जिवंत आहे याची धास्ती कधी वाटली नव्हती. माझी बरीच कलमं लागली. ती फळाला यायला पाच-सहा वर्षं जातील. तेव्हा मी कुठे असेन, हा हिशेब तात्या करत नाहीत, म्हणून मीही करत नाही.

बदल्यात मी वाडीची लिखापढी करतो. सातबारा वाचून दाखवणं, अर्ज, नोव्हेंबरात पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले. परवा तात्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला घेतला. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबलो.

"काय लिहू, तात्यानूं? निवृत्त?"

तात्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "निवृत्त कित्याक? कलमां बांधतंय म्हणान लिवा."

रकाना अगदी चिंचोळा होता. बारीक अक्षरात बसवलं, नि रहिवासाच्या दाखल्याकडे वळलो.