पाठीतली वाट

चितेगावच्या मावशी सात वर्षं डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा पैठण रोडनं शहरात यायचं, चार तास मशीनला जोडून राहायचं, परत जायचं. माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही हातांतले फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेल्या शिरा, बंद पडलेले. मानेतल्या आणि छातीतल्या शिरा जुन्या कॅथेटरांनी आवळलेल्या, मांड्यांतल्याही बुजलेल्या. पोटाचं डायलिसिस करावं, तर जुन्या ऑपरेशनांनी आतडी चिकटलेली.

"डाक्टर, आता टोचायला जागा कुठं राह्यली?"

जागा होती, पाठीत. पोटातली महाशीर कण्याच्या उजव्या अंगानं वर हृदयाकडे जाते. मावशींना पालथं झोपवलं, कमरेच्या हाडाच्या वर कातडी बधिर केली आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून लांब सुई तिरकी आत नेली. पडद्यावर मणके दिसतात, शीर दिसत नाही. तिची जागा आधीच्या सीटी स्कॅनवरून मनात धरून ठेवावी लागते. सिरिंजमध्ये काळसर रक्त येईपर्यंत मी श्वास रोखलेला असतो, आजही. मग तार, तारेवरून कॅथेटर, टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यापाशी. बाहेरचा भाग कातडीखालून कुशीपर्यंत आणायचा, म्हणजे उताणं झोपता येतं.

मशीनला मिनिटाला साधारण 300 मिली रक्त लागतं. साधी शीर एवढं देत नाही, म्हणून 1966 साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी मनगटातली धमनी शिरेला जोडण्याची, म्हणजे फिश्चुलाची, पद्धत मांडली. आजही तोच पहिला आणि सर्वांत चांगला रस्ता आहे. पाठीतलं कॅथेटर चालतं, पण त्यात जंतू शिरतात, गाठ धरते, कधी ते सरकतं. ते बसवता येतं याचा मला आनंद आहे, पण ते बसवायची पाळी आली याचं दुःख त्याहून मोठं आहे. कारण मावशींच्या शिरा डायलिसिसच्या आधीच खर्ची पडायला लागल्या होत्या. अशक्तपणा आला की सलाईन, ताप आला की सलाईन, आणि दर वेळी सुई कोपराजवळच्या ठसठशीत शिरेत. ज्याचं क्रिएटिनिन वाढतंय, म्हणजे मूत्रपिंडं थकताहेत, त्याच्या मनगटापासून खांद्यापर्यंतच्या शिरा राखायला हव्यात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा त्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. त्याचं क्रिएटिनिन वाढायला लागलंय. नर्सनं रक्त घ्यायला त्याची बाही वर सरकवली, तसा मावशींनी तिचा हात धरला.

"तिथं नको, बाई. पंजाच्या पाठीवर टोच."