त्याला जुगाड म्हणणं थांबवूया!

आमच्या वस्तीतला एक तरुण. बारावी नापास. आठ वर्षं गॅरेजमध्ये कारची इंजिनं खोलतोय. परवा एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने त्याला दारातूनच परत पाठवलं. प्रश्न एकच, सर्टिफिकेट आहे का? त्याच्या पिशवीत त्याने स्वतः बनवलेलं व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचं अवजार होतं. ते कुणी पाहिलंच नाही.

आम्ही पाहिलं. भंगारातला सी-क्लॅम्प, एका टोकाला वेल्ड केलेला पाइपचा तुकडा, पाइपला बाजूने कापलेली खिडकी. इंजिनाचं हेड उतरवलं की क्लॅम्पचं एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवायचं, पाइप स्प्रिंगच्या टोपीवर बसवायचा आणि स्क्रू आवळायचा. स्प्रिंग दबते, लॉकच्या दोन पाकळ्या मोकळ्या होतात, त्या खिडकीतून चुंबकाने उचलायच्या. पाइप टोपीवर नीट बसला पाहिजे आणि आतून लॉकही निघाले पाहिजेत. हे माप त्याने चुकत-चुकत शोधलं. म्हणजे प्रयोगच केला!

आम्ही म्हणालो, "भारी जुगाड आहे रे!"

तो म्हणाला, "दादा, कंपनीने बनवलं की स्पेशल टूल, आम्ही बनवलं की जुगाड?"

आम्ही गप्प बसलो. श्रमप्रतिष्ठेवर भाषणं देणारे आम्ही, याच पोराला दोन वर्षं सांगत होतो, गॅरेज सोड, स्पर्धा परीक्षा दे. काळे हात कमी प्रतीचे, ही शिकवण आमच्याही डोक्यात मुरलेली होती.

१९३६ साली 'जातिसंहार'मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. या उतरंडीत ज्ञानही विभागलं जातं. वहीतलं ते ज्ञान, हातातलं ते जुगाड. म्हणूनच १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य तरुणांना तांत्रिक प्रशिक्षण मागितलं. यंत्रावर आपला हक्क सांगितला.

पण मित्रांनो, गरिबीतल्या कल्पकतेचे गोडवे गाऊन भागणार नाही. वेल्ड कच्चा असेल तर दाबलेली स्प्रिंग उडून डोळा जाऊ शकतो. त्याच्याकडे साधा संरक्षक चष्माही नाही. कौतुक करून आपण मोकळे होतो, जोखीम त्याच्याच अंगावर राहते.

मग करायचं काय? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या किती मेकॅनिकना ती माहीत आहे? विहारात स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, ते चालूच राहोत. पण एक रविवार या पोरांसाठी ठेवा. त्यांना फळ्यापुढे बोलवा, इंजिन समजावून सांगू द्या. फॉर्म आपण भरू.

त्या दिवशी आम्ही पहिल्या बाकावर बसू, विद्यार्थी म्हणून.

जय भीम!