पंचशीलातील 'पासून' आणि इंग्रजीतील 'फ्रॉम'

आमच्या वसतिगृहातील मुलांना इंग्रजीत सर्वाधिक काय छळते, असे कोणी विचारले तर आम्ही काळांचे नाव घेणार नाही. काळ घोकून पाठ होतात. गाडी अडते ती धातुसाधित नामापाशी. गोइंग, रीडिंग, ड्रिंकिंग या रूपांआधी शब्दयोगी अव्यय द्यावे की देऊ नये? 'एन्जॉय'नंतर काही नको, 'इन्सिस्ट'नंतर 'ऑन' हवे, 'सक्सीड'नंतर 'इन' हवे. मार्गदर्शिकांत याच्या लांबलचक याद्या असतात. भामरागड-एटापल्लीकडचे, घरी माडिया बोलणारे मूल त्या याद्या पाठ करते आणि परीक्षा संपताच विसरते.

आम्ही मूळचे इतिहासाचे. तरीही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हे अव्यय पुढच्या धातुसाधित नामाचे नसतेच. ते मागच्या क्रियापदाचे देणे असते. मराठीत आपण 'वाचण्यात रमला', 'जाण्यावर अडून बसला', 'बोलण्यापासून रोखले' असे म्हणतो. 'त', 'वर' की 'पासून' हे रमणे, अडून बसणे आणि रोखणे ठरवते. वाचणे, जाणे, बोलणे यांचा त्यात काही हात नाही. मराठीप्रमाणे गोंडी-माडियातही असे संबंध दाखवणारे घटक नामाच्या मागून लागतात. इंग्रजी ते पुढे ठेवते, एवढाच फरक. म्हणजे मुलाला गोष्ट ठाऊकच असते, तिची जागा तेवढी दाखवून द्यायची.

यासाठी आमच्या विद्यालयात उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. रोज सकाळच्या वंदनेत मुले पंचशील म्हणतात. पहिल्या शीलातील 'पाणातिपाता' आणि 'वेरमणी' हे दोन शब्द फळ्यावर लिहावेत. 'वेरमणी' म्हणजे विरत होणे, आणि 'पाणातिपाता' ही पालीतील पंचमी विभक्ती : जीवहिंसेपासून. पुढे 'अदिन्नादाना', 'मुसावादा' इत्यादी. पाचही शीलांत तीच पंचमी. मराठीत तिचे 'पासून' झाले, इंग्रजीत 'फ्रॉम' : 'अ‍ॅब्स्टेन फ्रॉम किलिंग'. 'अ‍ॅब्स्टेन टु किल' असे लिहिणाऱ्या मुलाला नियम सांगण्याची गरज उरत नाही. विरत व्हायचे ते कशापासून, एवढेच विचारावे. तो स्वतःच खोडतो. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत आमच्या आईवडिलांच्या पिढीने हीच शीले ग्रहण केली. त्यांतील अनेकांना अक्षरओळखही नव्हती, पण त्या पंचमीचा अर्थ त्यांना पुरता उमगला होता. स्वतः बाबासाहेबांनी पालीच्या व्याकरणावर आणि शब्दकोशावर केलेले काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. व्याकरणाला रूक्ष विषय म्हणून नाके मुरडणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी तो खंड एकदा हाताळावा.

पाचव्या शीलाची गोष्ट थोडी अवघड. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 मध्ये उठली. त्यामुळे व्यसनमुक्तीच्या फेऱ्या आणि इंग्रजी फलक आमच्याकडे नित्याचेच. फलकावर हटकून 'अव्हॉइड फ्रॉम ड्रिंकिंग' असे येते. मूल मराठीतील 'पिण्यापासून दूर राहा' मनात धरून लिहिते. पण 'अव्हॉइड' म्हणजे टाळणे. आपणही 'पिणे टाळा' म्हणतो, 'पिण्यापासून टाळा' म्हणत नाही. तेथे 'फ्रॉम' गळतो. याहून धोक्याचे म्हणजे 'स्टॉप टु ड्रिंक'. 'स्टॉप ड्रिंकिंग' म्हणजे पिणे सोडा. 'स्टॉप टु ड्रिंक' म्हणजे पिण्यासाठी वाटेत थांबा! असा फलक घेऊन फेरी निघाली तर भट्टीवाल्याने सत्कारच करावा.

अर्जाच्या शेवटी येणारे 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' हेही याच घरातले. आपल्या 'भेटायला' या रूपामुळे 'टु मीट' सहज वाटते. पण येथील 'टु' क्रियापदाचा नसून 'कडे' या अर्थाचा शब्दयोगी आहे : भेटण्याकडे डोळे लागले आहेत, म्हणून 'टु मीटिंग'. 'टु'च्या जागी 'धिस' घालून पाहू नये, 'टु'नंतर 'धिस' घालून पाहावे. 'लुकिंग फॉरवर्ड टु धिस' चालते, म्हणजे पुढे नाम हवे.

उरला प्रश्न ऐच्छिक अव्ययाचा, आणि आमचे खरे भांडण तेथे आहे. 'स्पेंट टू इयर्स इन प्रिपेअरिंग' की नुसते 'प्रिपेअरिंग'? आज 'इन' बहुधा गाळतात, पण ठेवले तर चूक होत नाही. इंग्लंडात 'स्टॉप हिम गोइंग' खुशाल चालते, अमेरिकेत मधे 'फ्रॉम' लागतो. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर ही गळती जुनीच. 'ऑन हंटिंग'चे झिजून 'अ-हंटिंग' झाले आणि पुढे तो 'अ'ही गेला. जी गोष्ट इंग्रजांनीच शतकानुशतके मोकळी सोडली, तिच्यावरून जंगलातल्या मुलाच्या वहीत लाल रेघ ओढण्याचे कारण काय? एका स्पर्धेत आमच्या विद्यार्थिनीचा निबंध अशाच एका 'इन'पायी मागे पडल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यानंतर कित्येक महिने ती इंग्रजीत एकही वाक्य स्वतःहून लिहीत नव्हती. 'अव्हॉइड'नंतरचा 'फ्रॉम' आम्ही खोडतो, आणि का खोडला तेही समासात मराठीतून लिहितो. 'स्पेंट'नंतरचा 'इन' मात्र आम्ही तसाच राहू देतो.