बाळाच्या पोटाकडे बघत, एक मिनिट

बाळाचा श्वास मोजायचा तर आधी बाळ शांत होईपर्यंत थांबावं लागतं. रडताना मोजला तर आकडा खोटा येतो, पिताना मोजला तरी खोटा येतो. मग दुपटं हलकेच वर सरकवायचं आणि पोटाकडे बघत राहायचं. नवजात बाळाचा श्वास मोठ्या माणसासारखा एका लयीत चालत नाही. भराभर पाच-सहा श्वास होतात, मध्येच सगळं थांबतं, बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं आणि पोट पुन्हा वर येतं. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याची सोय इथं नाही. मिनिट पुरं मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही तोच आला, तर मग वेळ घालवायचा नाही.

हे मिनिट मी गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, एका आशाताईंच्या, शेजारी बसून पाहिलं आहे. पावसाची झड लागली होती. बाळंतिणीची खोली अंधारी, खिडकीला पोतं लावलेलं, कोपऱ्यात शेगडी, ओव्याच्या धुरीचा वास. ताईंनी दाराशी चप्पल काढली, कोपरापर्यंत हात साबणानं धुतले आणि ते वाळेपर्यंत तसेच वर धरून उभ्या राहिल्या. तोंडानं आजीशी बोलणं चालूच होतं. सोयाबीनला फवारणी झाली का, थोरलीच्या शाळेचं काय झालं. त्या बोलण्याच्या ओघातच त्यांनी विचारलं, "मावशी, दूध ओढतंय ना कालच्यासारखं? रडायला जोर आहे ना?" आजीनं सहज सांगून टाकलं. तपासणी सुरू झाली आहे, हे तिला जाणवलंही नाही.

हे दोन प्रश्न फार मोठे आहेत. पिणं मंदावणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार पडणं, ही नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाची चिन्हं. ती आधी दिसतात ती घरात, आणि तीही ज्यानं हे बाळ काल पाहिलं आहे त्याला. मग काट्याच्या झोळीत बाळाचं वजन झालं, काखेत थर्मामीटर लागला आणि ताईंनी घड्याळ पुढ्यात ठेवलं. सगळी खोली गप्प झाली. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि एक बाई एका बाळाच्या पोटाकडे एकटक बघत ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होती. इतकं एकाग्र माणूस मी क्वचितच पाहिलं आहे.

ही विद्या बाळंतिणीच्या उंबऱ्यापर्यंत आली त्याला गडचिरोलीचा इतिहास आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. न्यूमोनियानं लहान मुलं दगावत होती आणि गावात कोणी असेल तर ती दाई, बहुधा शाळेची पायरी न चढलेली. साठपर्यंत आकडे मोजणं तिला कसं जमावं? मग तिच्यासाठी एक साधन घडवलं गेलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. या साधनाबद्दल मला अपार आदर आहे. बाईला आकडे येत नाहीत म्हणून तिला बाजूला सारलं गेलं नाही. तिला जेवढं मोजता येतं त्या मापानं शास्त्र पुन्हा रचलं गेलं.

पुढे १९९५ पासून 'सर्च'नं एकोणचाळीस गावांत पाचवी-दहावीपर्यंत शिकलेल्या बाया निवडून त्यांना आरोग्यदूत केलं. जन्मलेलं बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचं, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, हे त्या शिकल्या. जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. खेड्यातल्या बाईच्या हाती, तेही नवजात बाळाला टोचायला सुई, ही गोष्ट तेव्हा धाडसाचीच होती. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो निष्कर्ष छापला.

त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं होतं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्याच हाती पुढे गावानं आपली बाळंतपणं सोपवली. नेपाळात १९८८ साली सुरू झालेल्या योजनेतल्या पन्नास हजारांवर स्वयंसेविका डोंगर चढून-उतरून वर्षातून दोनदा मुलांना 'अ' जीवनसत्त्व पाजतात. देश कुठलाही असो, डॉक्टर जिथं पोचत नाही तिथं बहुधा अशीच कोणी शेजारीण पोचलेली असते.

आपल्या देशानं २००५ साली आशा योजना आणली आणि २०११ मध्ये नवजात बाळांच्या गृहभेटी आशाताईंकडे सोपवल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सहा भेटी. चिखल असो, स्वतःच्या घरी पाहुणे असोत, तारीख चुकत नाही. करोनात याच ताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा काही दारं त्यांच्या तोंडावर लावली गेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाख आशांचा गौरव केला.

आणि त्या सहा भेटींचा मोबदला ठरला होता अडीचशे रुपये. एका भेटीचे बेचाळीसही नाहीत.

हा हिशेब मला सहन होत नाही. सेवाभाव त्यांच्यात आहे, मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. पण एखाद्याच्या अंगी सेवाभाव आहे म्हणून त्याला कमी पैसे द्यायचे, हा व्यवहार सरळ अन्यायाचा आहे. डॉक्टरच्या सेवाभावापोटी आपण त्याचा पगार कापत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत हजारो आशाताई मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम ठोकून बसल्या होत्या. मोबदला वाढल्याचा कागद हाती यावा, एवढ्यासाठी. त्या दिवसांत त्यांच्या गावांत बाळं जन्मतच होती आणि मैदानावरून फोनवर "पितंय ना नीट?" हे विचारणंही चाललंच असेल, याची मला खात्री आहे.

आशाताईंना कायम नोकरी, ठरलेला पगार, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे. तुमच्या घरी कधी कोणी बाळाचा श्वास मोजून गेलं असेल, तर पुढचा मोर्चा निघेल तेव्हा त्यांच्या बाजूनं उभे राहा.