घंटा, शिट्टी आणि भोंगा

२०२२ साली आम्ही मेक्सिको सिटीत राहत होतो. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजेना! पोळीऐवजी आम्ही तोर्तिया खायचो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची छोटी भाकरीच म्हणा ना!

स्पॅनिश मला जेमतेम येई, पण आवाज कळू लागले. घंटा वाजली की कचऱ्याची गाडी. संध्याकाळी वाफेची लांबलचक शिट्टी म्हणजे भाजलेल्या रताळ्यांचा गाडा. लेक पैसे घेऊन धावलीच!

तिसरा आवाज भूकंपाच्या भोंग्याचा. किनाऱ्याकडची यंत्रं हादरा ओळखून रेडिओने शहराला कळवतात. हादरा पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात बाहेर पडायचं. १९ सप्टेंबर १९८५ ला तिथे मोठा भूकंप झाला होता, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सराव असतो. त्या वर्षीही झाला. तासाभरातच पुन्हा भोंगा! मला वाटलं, चुकून वाजला. शेजारच्या आजींनी हात धरून ओढतच खाली नेलं. मग विजेच्या तारा झोक्यासारख्या हलू लागल्या. लेक तर शाळेत!

मी धावत सुटले. पटांगणात मुलं रांगेत उभी, बाई एकेकाला मोजत होत्या. लेक मला बघून म्हणाली, "आई, तुझ्या चपला कुठेत?"