डाव्या बाजूची खोली

आम्ही सहकुटुंब आगबोटीने फिरून आलो हे कळल्यापासून आमच्या शिक्षकदालनात तीन प्रश्न ठरलेले आहेत. खर्च किती आला? बोट लागली का? आणि तिसरा, जरा खोडसाळ: गोवा तर बेळगावहून चोर्ला घाटाने तीन तासांवर, मग गोव्याला जायला तुम्ही मुंबई कशाला गाठलीत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मधल्या सुटीत देता येतात. तिसऱ्याला जरा लांबण लावावी लागते.

आमची आई मूळची वेंगुर्ल्याची. आज वय ८२. लग्नानंतर ती घाटावर बेळगावला आली, पण तिचा भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्यामुळे माहेरी जायचे आणि तिथून भावाकडे जायचे हा तिचा वर्षाआड रिवाज होता. आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ले आणि वेंगुर्ल्याहून कोकणबोटीने मुंबईचा भाऊचा धक्का. १९७४ नंतर तो प्रवास झाला नाही. पुढे ती बोटही बंद पडली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बोटीची आठवण काढणारी माणसेही कमी होत गेली. आईची आठवण मात्र पक्की. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकून उभी राही. माणसे पडावातून जात आणि शिडीवरून वर चढत. एकदा लाटेने पडाव खाली गेला आणि वरच्या खलाशाने तिच्या हातातले एक वर्षाचे मूल अलगद उचलून घेतले. ते मूल मी. ही हकिकत मी इतक्यांदा ऐकली आहे, की मला ती आठवते असेच वाटते.

तेव्हा गोवा पाहायला कुणीच जात नव्हते. आईला मुंबईहून वेंगुर्ल्याच्या समोरून समुद्रातून जायचे होते. हल्ली मुंबईहून गोव्याकडे पर्यटनाची जहाजे हंगामात जातात. पावसाळ्यात हा समुद्र त्यांनाही परवडत नाही, जसा कोकणबोटीला परवडत नसे. डिसेंबर २०२४ चे आरक्षण केले. तीन रात्री: मुंबईहून गोवा, एक दिवस गोव्यात, एक दिवस नुसता समुद्र, आणि परत मुंबई. माणसे सहा. आई, मी, आमची सौभाग्यवती, बेंगळुरूहून आलेली लेक, जावई आणि सहा वर्षांची नात. जावई दावणगेरेकडचे, कन्नडभाषक. लग्नाच्या वेळी आईने दोन महिने अबोला धरला होता. पुढे तो सुटला, पण दोघांचे बोलणे 'जेवलात का' आणि 'हो' याच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

जहाजावरील खोल्या तीन प्रकारच्या. पोटातली बिनखिडकीची, काचेची खिडकी असलेली, आणि सज्जा असलेली. आत आणि सज्जा यांच्या भाड्यात मोठा फरक. खोलीत दोघांच्या वर तिसरे-चौथे माणूस घेतले तर त्यांचे भाडे कमी पडते. भिंतीतून वरची बिछान्याची फळी उघडते, रेल्वेसारखी. मी हिशोब असा केला: चारही बायकामाणसांना मिळून सज्जाची एक खोली, आणि सासरा-जावई या दोघांना पोटातली, स्वस्त. पैसे खर्च करायचेच तर ज्या माणसाला जिने चढून डेकवर वारंवार जाता येणार नाही त्याच्या खिडकीवर करावेत. धडधाकट माणसाला खोली फक्त झोपायला लागते. समुद्र वर फुकट आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. मुंबईहून दक्षिणेला निघाले की किनारा डाव्या हाताला राहतो, आणि उजव्या बाजूच्या खोलीतून फक्त पाणी दिसते. मी आरक्षण करणाऱ्या एजंटला फोनवर सांगितले, डाव्या बाजूची खोली द्या. तो म्हणाला, सर, सगळ्या खोल्या सारख्याच असतात. वीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला हे कसे पटावे? शेवटी जहाजाचा नकाशा मागवून घेतला आणि खोलीचा नंबर मीच सांगितला. शक्यतो मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. नाळेकडे आणि वरती हेलकावे जास्त, मध्याला कमी. झोपाळ्यावर बसलेल्याला हे सांगायला नको. वयस्क माणूस बरोबर असेल तर लिफ्टपासूनचे अंतर मोजावे, आणि चाकाच्या खुर्चीची मागणी आरक्षणाच्या वेळीच लेखी करावी.

बॅलार्ड पियरवर आमची पहिली परीक्षा झाली ती फराळाची. घरचे खाणे आत नेता येत नाही, हे कागदावर लिहिलेले होते आणि मी ते घरी वाचूनही दाखवले होते. तरी सौभाग्यवतींच्या पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा निघालाच. टाकून द्यायचा? आईने रांगेतच डबा उघडला. पुढे एक नागपूरचे कुटुंब, मागे सुरतेचे. तपासणीच्या टेबलापर्यंत पोचलो तेव्हा डबा रिकामा होता आणि रांगेतली पंधरा-वीस माणसे ओळखीची झाली होती. मोठ्या पेट्या तिथेच चिठ्ठी लावून देऊन टाकाव्या लागतात आणि त्या खोलीवर केव्हा येतील याचा भरवसा नाही. आमच्या रात्री नऊला आल्या. म्हणून औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि आधार कार्डे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मुलांचेही ओळखपत्र लागते.

सुटण्यापूर्वी कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब. प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमायचे, हजेरी द्यायची. पुष्कळ मंडळी कंटाळून मोबाइलवर फोटो काढत होती. हा नियम असाच आलेला नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा १९१४ मध्ये समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर फाटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यायची असे ठरले. आमच्या आईला हे काही सांगावे लागले नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, तेव्हा ती चार वर्षांची होती. कोकणातल्या तिच्या पिढीने ते नाव अंगाईबरोबर ऐकले आहे. सगळ्या जहाजावर ते जाकीट सर्वांत लक्षपूर्वक कुणी बांधून घेतले असेल तर तिने. मग नातीचा हात धरून ती एका बाजूच्या होड्या मोजायला लागली. ही मराठीत, ती 'ओंदु, एरडु, मूरु' अशी. दोघींचा आकडा जुळला तेव्हाच आई खोलीत गेली.

संध्याकाळी पाचला नांगर उचलला. थोड्याच वेळात मोबाइलची पट्टी नाहीशी झाली. इथे एक सावधगिरी: जहाजावर स्वतःचे महागडे मोबाइल जाळे असते आणि आपला फोन नकळत त्याला चिकटतो. म्हणून फोन विमानाच्या स्थितीत टाकावा. पण उपग्रहावरून जागा कळायला जाळे लागत नाही. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घेतला असेल तर आपण कुठे आहोत ते समुद्रातही दिसते. हे मला जावयांनी दाखवले. आमच्या बिनखिडकीच्या खोलीत दिवस की रात्र कळत नाही. तिथे त्यांनी टीव्हीवर नाळेवरच्या कॅमेऱ्याचे चित्र लावून ठेवले होते, तीच आमची खिडकी.

जेवणाचे, तलावाचे, रात्रीच्या नाचगाण्याचे वर्णन मी करत नाही, ते जाहिरातीत असते. शाकाहाराची आबाळ होत नाही एवढे सांगतो. पाट्या सगळ्या इंग्रजीत. आमच्या जिल्ह्यात पाटीच्या भाषेवरून काय काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. इथे पाटी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळे मुकाट वाचत होते. आईला इंग्रजी येत नाही, पण तिची सोय झाली. खोली झाडायला येणारा मुलगा गोव्याचा. आईने दुसऱ्याच वाक्याला विचारले, "खयचो रे तू?" तो पेडण्याचा निघाला. त्यानंतर त्या खोलीत चहा न मागता यायला लागला.

रात्री आई नातीला बंदरे शिकवत होती. मुंबई, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी. नात तिला कन्नड रिवाजाने मुत्तज्जी म्हणते. मुत्तज्जी म्हणजे मराठीत पणजी, हे कळल्यावर ती शेवटच्या बंदराशी अडखळली. बोट तुझ्याजवळ येऊन थांबायची का, असे तिने विचारले. मुसाकाजी यारु, हाही प्रश्न आला. मुसाकाजी कोण, हे आईलाही सांगता आले नाही. तिथे माणसे उतरायची, एवढेच तिला माहीत.

मुंबई ते मुरगाव सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. जहाज किनाऱ्यापासून बरेच लांबून जाते, वेंगुर्ल्याचे बंदर दिसणार नाही, हे मी आईला आधी सांगून ठेवले होते. पण वेंगुर्ले-निवतीसमोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. पाकोळ्यांच्या वस्तीसाठी तो प्रसिद्ध आहे आणि त्यावर दीपगृह आहे. ती बत्ती दिसण्याची शक्यता होती. पहाटे साडेचारला मला जाग आली तेव्हा शेजारचा बिछाना रिकामा होता. वरच्या डेकवर जावई कानटोपी घालून कठड्याशी उभे, हातात फोन, फोनवर नकाशा. ते तीन वाजल्यापासून तिथे होते.

पाचच्या सुमारास आम्ही दोघांनी खाली जाऊन दार वाजवले. आई जागीच होती. जावई म्हणाले, "अज्जी, वेंगुर्ला बंतु." आईने विचारले, "इलां?" दोघांनी आपापल्या भाषेत एकच शब्द उच्चारला, कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. सज्जात आम्ही सगळे दाटीने उभे राहिलो. काळोखात डावीकडे एक ठिणगी पेटे आणि विझे. मग थांबे. मग पुन्हा पेटे. आई कठड्याला धरून बघत राहिली. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "बोट थांबाची नाय काय?" जावयांना एवढी मालवणी समजत नाही, तरी त्यांनी मान हलवली. "खरांच. आता हय कोण उतरतलो," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. बत्ती मागे पडेपर्यंत जावई तिच्या शेजारी खाली बैठक मारून बसले होते. मी आत गेलो.

साडेसातला मुरगाव. मी सुचवले की गाडी करून वेंगुर्ल्याला जाऊन येऊ. आईने नकार दिला. गाडीने तिथे केव्हाही जाता येते, म्हणाली. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरेच झाले. जहाजाने ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपण स्वतः केलेल्या गाडीसाठी थांबत नाही. आम्ही वास्कोत मासळीचे जेवण घेऊन चारच्या आत परत आलो.

परतीच्या रात्री वारा होता आणि सौभाग्यवतींना बोट लागली. याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधी घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग फारसा नाही. पोट रिकामे ठेवू नये, तेलकट खाऊ नये, मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहावे. जहाजावर डॉक्टर असतो, त्याचे बिल वेगळे. सगळेच वेगळे असते म्हणा: बंदरशुल्क, जीएसटी, सरबत, बक्षिशी. जाहिरातीतला आकडा सव्वापट धरून चालावे. आमचे तसेच झाले.

नुसत्या समुद्राच्या दिवशी सर्वांसाठी कार्यक्रम आखू नयेत. मी मुख्याध्यापक, मला वेळापत्रकाची खोड. पण त्या दिवशी आखलेले काहीच नव्हते. आता किनारा उजवीकडे गेला होता आणि आमच्या डाव्या सज्जासमोर मावळतीपर्यंत पाणीच पाणी. जावई आईला मल्लेश्वरम् कुठे ते समजावत होते, आई त्यांना पडाव म्हणजे काय ते. लेक अधूनमधून दुभाष्याचे काम करायची, मग तीही झोपली. नात जहाजाच्या चिठ्ठ्यांच्या वहीवर बंदरांची नावे लिहीत बसली. तिला कन्नड आणि इंग्रजी लिहिता येते, देवनागरी अजून नाही. म्हणून दहाही नावे तिने कन्नडमध्ये लिहिली, मुसाकाजीच्या भोवती चौकट काढून.

तो कागद आता आईच्या पोथीत आहे. तिला कन्नड वाचता येत नाही. पण वेंगुर्ले कोणत्या ओळीत आहे ते ती बोट ठेवून दाखवते: शेवटून दुसऱ्या.