आमचे वाचक शेजारी

मनुष्याची पारख त्याच्या पोशाखावरून होते, बोलण्यावरून होते आणि मित्रांवरून तर होतेच होते. परंतु त्याच्या उशाशी कोणते पुस्तक आहे हे पाहिले म्हणजे ती जितकी खरी होते, तितकी अन्य कशानेही होत नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. म्हणून कोणाच्याही घरी गेलो की कुशलप्रश्न आटोपताच "सध्या काय वाचता?" हा प्रश्न आमच्या तोंडून हटकून बाहेर पडतो. शाळेच्या वार्षिकासाठी काहीतरी लिहावे अशी गुरुजनांची आज्ञा झाली, तेव्हा याच प्रश्नाची अलीकडे आम्हांस मिळालेली उत्तरे विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावी असे ठरविले.

शाळा सोडल्यावर पोटापाण्यासाठी आम्ही इंदूरास आलो व सांवेर रोडच्या आसपास बिऱ्हाड केले. हा रस्ता बाणगंगेची वस्ती मागे टाकून सांवेर गावाकडे व तेथून पुढे क्षिप्रातीरीच्या उज्जैनीकडे जातो. इंदूरच्या हद्दीत त्याच्या दुतर्फा कारखानेच कारखाने आहेत. कोठे औषधे होतात, कोठे यंत्रांचे सुटे भाग, तर कोठे शेव-नमकीन. दिवसभर मालमोटारींची रांग तुटत नाही. अशा ठिकाणी पुस्तके कोण वाचणार, असे येथे प्रथम येणारा सहज म्हणेल. तथापि पाळी संपवून घरी परतणाऱ्या माणसांच्या घरांत डोकावले असता निराळेच दृश्य दिसते.

आमच्या शेजारच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्या हाती सध्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आहे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, वाटेत महूजवळ त्यांना शिपायांच्या उठावाची वार्ता कळली, आणि पुढे झाशीचा वेढा त्यांनी किल्ल्याच्या आत राहून अनुभवला. भारताचार्य चिं. वि. वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली व वैद्यांनी ती 1907 मध्ये प्रसिद्ध केली. मिळवलेला पैसा लुटला गेला, परंतु गंगेची कावड खांद्यावर घेऊन गोडसेभटजी आईवडिलांकडे परत आले. हा भाग वाचताना आजींचा चष्मा दोनदा तरी पुसला जातो. महू, धार, उज्जैन ही नावे आली की त्या थांबून म्हणतात, "अहो, हे तर आपलंच गाव!" दीडशे वर्षांपूर्वीचा तो प्रवासी त्यांना आपल्या अंगणातून गेल्यासारखा वाटतो. पुस्तकात आपला मुलूख भेटावा, यासारखा आनंद परमुलखात राहणाऱ्यास दुसरा नाही.

त्याच घरातील नातू इयत्ता सहावीत आहे. तो सध्या 'फास्टर फेणे'च्या मागे लागला आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास आलेला, सायकलवर वाऱ्यासारखा धावणारा हा बनेश फेणे कोणास ठाऊक नाही? परंतु त्याचे जनक भा. रा. भागवत हे 1910 साली इंदूरातच जन्मले होते, ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा त्या मुलाने डोळे विस्फारले. "म्हणजे ते आपल्या इंदूरचे?" असे तो तीन वेळा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने वर्गातील सर्व मित्रांना ती वार्ता हिंदीतून सांगितली. हिंदीतून, कारण त्याच्या वर्गात मराठी समजणारे फार थोडे आहेत.

एका कारखान्यात मालमोटारीवर चालक असलेले एक काका पुस्तक वाचीत नाहीत, ऐकतात. माल उतरेपर्यंत तासन् तास खोळंबावे लागते. तेवढ्या वेळात ते मोबाइल दूरध्वनीवर पु. ल. देशपांडे यांच्या आवाजात 'व्यक्ति आणि वल्ली'मधील मंडळींना भेटून येतात. 1962 च्या या पुस्तकातील सखाराम गटणे त्यांचा विशेष लाडका. पुस्तकांत बुडालेल्या व पुस्तकी भाषेतच बोलणाऱ्या त्या मुलाची हकीकत ऐकून काका हसतात व मग म्हणतात, "वाचणाऱ्यानं गटणे होऊ नये, पण न वाचणाऱ्यानं त्याला हसूही नये." कानांनी केलेले वाचन हे वाचन नव्हे, असे म्हणणाऱ्या पंडितांनी काकांशी एकदा बोलून पाहावे.

यानंतरची हकीकत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या चाळीत उत्तर प्रदेशातून आलेले एक यंत्रकामगार राहतात. त्यांनी शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी हिंदी अनुवादात वाचली. मूळ मराठी पुस्तक 1967 सालचे. अनुवादाने ते उत्तरेत घरोघर गेले आहे. कर्णाच्या कथेने भारावलेले हे गृहस्थ एके संध्याकाळी शेजारच्या काकूंना म्हणाले, "भाभीजी, मूल में कैसा लगता है, थोड़ा सुनाइए न!" काकूंनी कपाटातून मूळ प्रत काढली, धूळ झटकली आणि वाचावयास आरंभ केला. चार पाने होईतो काकूंची महाविद्यालयात शिकणारी कन्या, जिने त्या कपाटाकडे आजवर ढुंकूनही पाहिले नव्हते, दारात येऊन उभी राहिली. पुढील आठवड्यात ती प्रत तिच्या पिशवीत होती. मराठी घरातील मुलीस मराठी पुस्तकाची वाट एका हिंदी भाषक शेजाऱ्याने दाखविली!

या प्रसंगावरून आम्ही पुष्कळ विचार केला. इंदूरातील मराठीची परंपरा होळकरांच्या काळापासूनची आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या नगरीत 1917, 1935 व 2001 असे तीन वेळा भरले. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे: गजानन माधव हे हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लेखन केले, 'क्षिप्रा' नावाची कादंबरी लिहिली आणि 1979 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविले. मालती जोशी यांनी हिंदी व मराठी दोन्ही भाषांत कथा लिहिल्या व 2018 मध्ये 'पद्मश्री'चा मान मिळविला. दोन भाषा एका घरात सुखाने नांदू शकतात, हे या मातीनेच दाखवून दिले आहे.

तेव्हा येथील मुले मराठी वाचीत नसतील तर दोष हिंदीचा नाही. उलट हिंदीमुळे त्यांना देवनागरी लिपी आयतीच येते. अन्य प्रांतांतील मराठी मुलांस अक्षर ओळखण्यापासून आरंभ करावा लागतो. येथे वाट मोकळी आहे. क्वचित ठेच लागते, पण तीही मौजेची. महाराष्ट्रातून आलेला आमचा भाचा 'शिक्षा विभाग' ही पाटी पाहून दचकला, कारण येथे केवळ शिक्षा देण्याचेच एक खाते आहे असे त्यास वाटले; आणि 'यातायात पुलिस' ही अक्षरे वाचून, या पोलिसांना फारच यातायात करावी लागत असणार, असे म्हणून तो हळहळला. इकडच्या मुलांची अडचण याच्या उलट होते. 'तिने सुखाने संसार केला' असे वाक्य आले की एका बाईने सगळे जग कसे केले, हे त्यांना उमगत नाही. अशा वेळी जवळ वडीलधारे माणूस असले म्हणजे अर्थ कळतो, हशा पिकतो, आणि तो शब्द जन्मभर लक्षात राहतो. नसले म्हणजे पुस्तक मिटते. अडते ते लिपीपाशी नव्हे, सोबतीपाशी. आजींच्या नातवाला आजी आहेत म्हणून फेणे भेटला. काकूंच्या कन्येस मात्र शेजारी येईपर्यंत वाट पाहावी लागली. ज्या घरी आजीही नाहीत व असा शेजारीही नाही, तेथे मराठी बोलली जाईल, सणावारी मिरवली जाईल. परंतु पुढच्या पिढीत ती वाचली जाणार नाही. आणि जी भाषा वाचली जात नाही, ती स्वयंपाकघरापुरतीच उरते.

विद्यार्थी मित्रहो, आपण मराठी माध्यमातून शिकता. पाठ्यपुस्तक, फळा, प्रश्नपत्रिका, सर्व काही आपल्या मायबोलीत आहे. ही केवढी श्रीमंती आहे, हे आम्हांस सांवेर रोडवर आल्यावर कळले. ती आपणांस आजच कळावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा नगरांत असतील. सुटीत त्यांच्याकडे जाल तेव्हा मिठाईच्या पुड्याबरोबर एक मराठी पुस्तकही न्या. मात्र ते नुसते देऊन थांबू नका. तेथील लहानग्यास जवळ बसवा व पहिली दहा पाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. अडलेला शब्द सांगा, हसण्याजोगा असेल तर दोघे मिळून हसा. अकरावे पान तो आपण होऊन उलटील, असा आमचा अनुभव आहे.